जोड कशी लावली, हे खेळाडूला कळायला हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेमिंगबद्दल छापून येतं ते बहुतेक वेळा व्यसन आणि पैसा एवढ्यापुरतंच. रोज खेळणाऱ्यांना छळणारा एक प्रश्न मात्र त्यात क्वचितच येतो. समोर कोण उभं करायचं हे गेम कशावरून ठरवतो?

माझा अकरा वर्षांचा भाचा सुट्टीत एक टीम-शूटर गेम खेळायला लागला. पहिले दोन दिवस तो जिंकतच सुटला होता. मी शेजारी बसून पाहिलं, तर समोरचे बरेचसे खेळाडू सरळ रेषेत धावत यायचे, उघड्यावर थांबायचे आणि भलतीकडेच गोळ्या झाडायचे. ते बॉट, म्हणजे गेमनंच चालवलेले नकली खेळाडू होते, हे जुन्या खेळाडूला लगेच ओळखू येतं. त्या पोराला कसं कळणार? गेमनं तसं कुठंच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी खरी माणसं आली, तो हरायला लागला, पण हळूहळू सावरतही होता.

मग एका संध्याकाळी मी त्याच्या टीममध्ये गेलो. मी हा गेम तीन वर्षं खेळतोय, माझी रँक बरीच वर आहे. त्यानंतरच्या चार मॅचमध्ये त्याला एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड जायलाही मिळालं नाही. बाहेर पाऊल टाकलं की गोळी लागून स्क्रीन करडी. आमच्याच टीममधला एकजण माइकवर ओरडला, 'नूब (म्हणजे कच्चा नवशिक्या), गेम डिलीट कर.' भाच्यानं हेडफोन काढून ठेवले आणि विचारलं, 'मामा, माझं काय चुकलं?' त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्यामुळे तो माझ्या तोडीच्या लोकांसमोर जाऊन पडला होता, असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणतो, कारण नियम कुठंही लिहिलेला नाही.

खेळाडूचं कौशल्य आकड्यात मोजण्याचं गणित काही नवं नाही. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ते बुद्धिबळासाठी बसवलं आणि फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारलं. दोघांच्या या आकड्यात, म्हणजे रेटिंगमध्ये, २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्या खेळाडूला शंभर डावांत सरासरी ७६ गुण मिळावेत, असा त्याचा हिशेब. पुढे मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीनं त्यात एक शहाणपणाची भर घातली : रेटिंगबरोबर त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा तेही मोजायचं. नव्या खेळाडूचा आकडा म्हणूनच झपाट्यानं वरखाली होतो. एक्सबॉक्स या गेमिंग यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टनं ट्रूस्किल तयार केलं, ते टीमच्या निकालावरून एकेका खेळाडूचा अंदाज बांधतं. म्हणजे साधनं हाताशी आहेत.

ऑनलाइन बुद्धिबळात पहिली खेळी होण्याआधीच दोघांचं रेटिंग नावाशेजारी दिसतं. डाव संपला की किती गुण आले, किती गेले तेही दिसतं. हरल्यावर वाईट वाटतं, पण फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. शूटर गेममध्ये बऱ्याचदा दिसते ती नुसती रँक, आणि जोड लावणारा खरा आकडा आत दडलेला असतो. मग तीन मॅच जिंकून चौथी हरली की 'गेमनं मुद्दाम हरवलं' अशी कुजबुज सुरू होते. बरोबरीचे खेळाडू समोर आले तर निम्म्या मॅच हरणारच, हे साधं गणित आहे. पण लपवलेल्या गणितावर कोण विश्वास ठेवणार?

कौशल्यानुसार जोड लावणंच बंद करा, असं म्हणणारेही खूप आहेत. त्यांची तक्रार खोटी नाही. दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास मोकळेपणानं खेळावं म्हटलं, तर प्रत्येक मॅच फायनलसारखी घाम काढते. तोडीचा खेळाडू शोधायच्या नादात लांबचा सर्व्हर मिळतो, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) वाढतो, गोळी लागूनही लागत नाही. तरीही मी त्यांच्या बाजूचा नाही. ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीनं २०२४ मध्ये आपल्या कॉल ऑफ ड्यूटी या शूटर गेममधल्या मॅचमेकिंगबद्दल, म्हणजे जोड लावण्याबद्दल, एक सविस्तर अहवाल जाहीर केला. कौशल्याचं वजन कमी करून पाहिलं, तेव्हा परत खेळायला येणाऱ्यांचं प्रमाण बहुसंख्य खेळाडूंमध्ये घटलं आणि फक्त अगदी वरच्या थरातल्यांमध्ये वाढलं, असं त्यात म्हटलंय. आकडे कंपनीचेच आहेत हे खरं, पण अनुभवाशी जुळतात. आधी सगळ्यात कच्चे खेळाडू निघून जातात. मग त्यांच्या वरचे तळाला येतात आणि तेही कंटाळतात.

याच कंपनीला २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं होतं. खेळाडूनं गेममधल्या वस्तू विकत घ्याव्यात म्हणून मॅचमेकिंग कसं वापरता येईल, याची मांडणी त्यात होती. ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीनं तेव्हाच सांगितलं. माझा त्यावर अविश्वास नाही. पण असं करता येतं हे एकदा कळल्यावर, प्रत्येक गेमनं 'आमच्याकडे खरेदीचा आणि जोडीचा संबंध नाही' हे स्वतःहून लिहून द्यायला हवं.

स्मर्फिंगबद्दलही कडक व्हायलाच हवं. मुरलेला खेळाडू नवं खातं उघडून नवशिक्यांना तुडवतो, त्याला मी कौशल्य म्हणणार नाही. डोटा २ या गेममध्ये २०२३ साली अशा तब्बल ९०,००० खात्यांवर बंदी आली. मनात आणलं तर होतं.

कुस्तीत वजनगट असतात, आणि वजन सगळ्यांसमोर होतं. गेम कंपन्यांकडे मी याहून जास्त मागत नाही. सूत्र उघड केलं की लोक त्यातून पळवाटा काढतील, हे मला मान्य आहे. सूत्र ठेवा तुमच्याकडे. पण कौशल्य, पिंग आणि वाट पाहण्याचा वेळ यांत आधी काय बघता, समोर बॉट आहेत की माणसं, आणि माझ्यासारखा जुना खेळाडू नवशिक्याबरोबर उतरला तर लॉबी (त्या मॅचमधल्या खेळाडूंचा गट) कोणाच्या रेटिंगवर बनते, एवढं स्क्रीनवर लिहा. म्हणजे भाच्याच्या टीममध्ये जायचं, की त्याच्या शेजारी बसून नुसतं बघायचं, हे मला आधीच ठरवता येईल.

आपला,
एक वाचक