आपल्या वाट्याची खतं

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी नुसता हं हं करत राहिलो, त्याची रुखरुख लागून राहिली आहे. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला कंपनीतून मोठी रक्कम द्यायची तुझ्या मनात आहे, धाकट्या भावाशी अजून बोललेला नाहीस, आणि वहिनी म्हणतात आधी घराचे हप्ते बघा. "तू वारी करतोस, कारखाना चालवतोस, घरही बघतोस, तुला कसं जमतं?" असं तू म्हणालास. मित्रा, मला जमत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुला लिहितो.

2019 ची गोष्ट. अण्णा आदल्या वर्षी गेले होते. सासवड मुक्कामी दिंडीला त्यांच्या नावानं एक पंगत घालायची असं मी मनात धरलं होतं. नेमके तेव्हाच एका बड्या गिऱ्हाइकाकडे आपले पैसे अडकले. नव्वद दिवसांची बोली, एकशेतीस झाले तरी चेक नाही. रबाळ्याच्या कारखान्यात तेव्हा आपल्याकडे चौतीस माणसं होती. सात तारखेच्या आत पगार झाला पाहिजे हे 1936 च्या कायद्यातच लिहिलेलं होतं, आणि अण्णांच्या हयातीत आपला पगार एकदाही लांबला नव्हता. त्या जूनमध्ये तो सोळा तारखेला झाला. पंगतीचे पैसे मात्र मी दोन तारखेलाच देऊन मोकळा झालो होतो, तेही कंपनीच्या खात्यातून. देवाचं काम आहे, थांबायला नको, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

वारीला निघायच्या आदल्या संध्याकाळी कारखान्यात एक चक्कर मारली. दोन नंबरच्या सीएनसी मशीनवरचा आपला ऑपरेटर तयार झालेला जॉब काढून गेजला लावून माप बघत होता. मला बघून त्यानं चिंधीनं हात पुसले. पुसले तरी कूलंटचा वास जात नाही, म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून नुसती मान वाकवली आणि म्हणाला, "साहेब, पांडुरंगाला माझा पण नमस्कार सांगा." सांगतो म्हटलं. पंढरपुरात कळसाचं दर्शन घेताना आठवणीनं सांगितलाही.

परत आल्यावर हिच्याकडून कळलं. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला पैसे हवे होते, पगार झाला नव्हता, म्हणून त्यानं बाहेरून वीस हजार उचलले होते. शेकडा पाच रुपये महिना. त्याच्या बायकोनं हिला सांगितलं, तेही मी विषय काढणार नाही अशी शपथ घालून. ही चिडली नाही. पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाली, "पंगत अण्णांच्या नावाची झाली, पण पैसे त्या चौतीस जणांचे होते."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुकोबांची खतांची, म्हणजे कर्जाच्या कागदांची, गोष्ट आपण दोघांनी लहानपणापासून ऐकलेली. घरात पिढीजात वाण्याचा धंदा आणि महाजनकी, 1630 च्या आसपासच्या दुष्काळात सगळं बसलं, आणि मग लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. मी ती गोष्ट इथवरच धरून ठेवली होती, कारण मला तेवढीच आवडायची. अण्णा पुढचंही सांगायचे. तुकोबांनी आधी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्यांच्या हातात दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. संसारावरून मन उठलेला माणूस, पण भावाच्या अर्ध्या कागदांना त्यांनी हात लावला नाही. सकाळपर्यंत मी याच एका गोष्टीभोवती फिरत होतो. मी कान्होबांची खतं बुडवली होती रे.

दुसऱ्या दिवशी शपथ मोडली. दोन नंबरवर जाऊन सगळ्यांसमोर माफी मागितली. व्याजासकट त्याचं कर्ज माझ्या खात्यातून फेडलं, तो नको नको म्हणत होता. त्यानं माफीवर काही उत्तर दिलं नाही, वळून मशीनवर मापाचे ऑफसेट टाकायला लागला. ते मला आजही बरोबर वाटतं. त्यानं लगेच "राहू द्या साहेब" म्हणायला हवं होतं अशी अपेक्षा मी का करावी?

तेव्हापासून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या एफडीत ठेवतो. जमवायला तीन वर्षं लागली, मधे लॉकडाऊनमध्ये ती निम्मी खर्च झाली आणि पुन्हा भरली. पंगत अजूनही घालतो, पण मी कंपनीतून जो पगार घेतो त्यातून. एका वर्षी तेवढे नव्हते, तर नुसते चहा-बिस्किटं दिली. दिंडीतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक सांगतो, कारण हे तुझ्याकडेही असणार. गिऱ्हाईक मला लटकवत होतं म्हणून मी रडत होतो, आणि आपल्या जॉबवर मुलामा चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याला मीच चार-चार महिने लटकवत होतो. त्याचं शेड म्हणजे तीन टाक्या आणि पाच माणसं. लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, हे 2006 च्या कायद्यात होतंच. 1 एप्रिल 2024 पासून आयकरानं चाप लावला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाहीत. सीएनं यादी मागितली तेव्हा अनेकांची धावपळ झाली. माझ्या यादीत त्या वर्षी एकही नाव नव्हतं. याचा मला एखाद्या एकादशीपेक्षा जास्त आनंद झाला, हे तुला लिहायला संकोच वाटत नाही.

घराचं मात्र मी फार उशिरा बघितलं. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, शाळेची रविवारी. चौदा वर्षं असं चाललं की पोरगी घरी तेव्हा मी रबाळ्याला, आणि मी घरी तेव्हा ती शाळेत. शुक्रवारी सकाळी कोपिनेश्वराला जायचो, मासुंद्याला एक फेरी मारायचो आणि घरी येऊन एकटा जेवायचो. दहावीत असताना तिला कुणीतरी विचारलं, बाबा काय करतात? ती म्हणाली, "बाबा शुक्रवारी घरी असतात." सहज म्हणाली, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. सुपरवायझरला रविवारी जबाबदारी देणं सहज शक्य होतं, माझाच जीव अडकला होता. आता रविवारी जात नाही. पण पोरगी पुण्याला शिकायला गेली, त्यामुळे तिचे रविवार हातातून गेले ते गेलेच. तुझा मुलगा सातवीत आहे, म्हणून हे लिहितोय.

पूर्ण वारी आता दर वर्षी होत नाही. आळंदी ते सासवड चालतो. दिवेघाटाचा चढ माउलींच्या रथाबरोबर चढायचा, सासवडला पंगत वाढायची, आणि पालखी जेजुरीकडे निघाली की ठाण्याची वाट धरायची. पाठ फिरवताना दर वर्षी जड जातं, त्याची सवय होत नाही.

तुझ्या रकमेचं म्हणशील तर आधी धाकट्याकडे जा. निम्मी कंपनी त्याची आहे. ठरवून सांगायला जाऊ नकोस, विचारायला जा, आणि तो नाही म्हणाला तर त्याचा वाटा बाजूला ठेवून तुझ्या वाट्यातून जे निघेल ते दे. वहिनींचे हप्ते त्याच्याही आधी. रक्कम निम्म्यावर येईल, कदाचित पावावर. देऊळ दोन वर्षं उशिरा होईल. होऊ दे.

आणि एक काम आहे. आपला दोन नंबरवाला यंदा पहिल्यांदा वारीला निघालाय. मुलीला नोकरी लागली, त्याचा नवस होता. एकवीस दिवसांच्या भरपगारी रजेच्या अर्जावर मी कालच सही केली. तुझ्याकडे फानुक कंट्रोलच्या सीएनसीवर हात बसलेला एखादा पोरगा तेवढ्या दिवसांपुरता मोकळा असेल तर कळव. राहायची सोय इथे ऐरोलीत करतो.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच