यॉर्कशायरची १७३४ ची लढत

महोदय,

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बडा जमीनदार सांगेल तोच खासदार होई, असे रविवार पुरवणीतील लेखात म्हटले आहे. मूठभर मतदारांच्या कित्येक शहरांबाबत ते खरे आहे. काउंटीत, म्हणजे यॉर्कशायरसारख्या जिल्ह्यात, मात्र १४३० च्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची फ्रीहोल्ड, म्हणजे स्वतःच्या मालकीची, जमीन असलेल्या प्रत्येक पुरुषाला मत होते. १७३४ मध्ये यॉर्कशायरच्या २ जागांसाठी स्टॅपिल्टन (७,८९६ मते), टर्नर (७,८७९), विन (७,६९९) आणि वर्टली माँटेग्यू (५,८९८) असे चौघे लढले. मतदाराला जास्तीत जास्त २ मते असत, म्हणजे किमान १४,६८६ माणसे मतदानाला यॉर्क शहरी आली! टर्नर आणि विन ही व्हिग पक्षाची जोडी. तिच्यातला एक निवडून आला, दुसरा १८० मतांनी मागे राहून पडला. नुसत्या हुकमाने मते पडत असती तर जोडी अशी फुटली नसती.

खरी झुंज मतनोंदणीच्या टेबलापाशी होई. मतदारयादी नव्हतीच. शेरीफचे (काउंटीत निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याचे) शपथबद्ध कारकून नाव, राहण्याचे गाव आणि फ्रीहोल्ड कुठे आहे ते विचारत. मत तोंडी, सर्वांदेखत. विरोधकाने हरकत घेतली की मतदाराला शपथ घ्यावी लागे. त्यामुळे दोन्ही पक्षांना गावोगावच्या जमिनींची माहिती असलेली माणसे तिथे बसवावी लागत.

घोटाळा मुख्यतः कागदोपत्री वाटणीचा. मालक मतदानापुरता जमिनीचा तुकडा दुसऱ्याच्या नावे करी आणि नंतर परत घेण्याचा करार लिहून ठेवी. १६९६ च्या कायद्याने याला मनाई केली, तरी प्रकार थांबला नाही. मग ॲन राणीच्या कारकिर्दीत, १७१२ मध्ये, संसदेने नामी युक्ती काढली: असे हस्तांतर कायमचे धरायचे आणि परतीचा करार रद्द. म्हणजे जमीन गेलीच! शिवाय वारसा, विवाह अशा कारणांखेरीज जमीन वर्षभर ताब्यात हवी, अशी अटही घातली.

काउंटीत मतदानाचे ठिकाण एकच. यॉर्कशायरएवढ्या मुलखातून मतदार आणायचे तर घोडी, खाणावळी, बिअर यांचा खर्च उमेदवाराच्या माथी. खाऊपिऊ घालण्यावर १६९६ पासूनच बंदी होती, ती पाळली कुणी नाही. जमीनदाराचे वजन होतेच, आणि उघड मतदानात कुळाला ते जाणवतही असे. पण जमीनदाराला हजारो छोट्या फ्रीहोल्डरांची मनधरणी करावी लागे, हे लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, पुणे