चंबळकाठचे चक्रवाक

लष्कर, ग्वाल्हेर
१० नोव्हेंबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

बदके ओळखायला सुरुवात कुठून करावी, असे तू विचारले होतेस. परवा चंबळेवर जाऊन आलो, म्हणून आता नीट लिहितो.

पहाटे निघून मुरैन्याच्या पुढे राजघाटावर पोहोचलो, तेव्हा पाण्यावर इतके धुके होते की पलीकडचा धौलपूरकडचा काठ दिसत नव्हता. चक्रवाक मात्र दिसण्याआधीच ऐकू आले. उन्हे वर आल्यावर वाळूच्या पट्ट्यावर त्यांची एक जोडी दिसली: अंग नारिंगी, डोके फिकट, आणि उडताच काळ्या पिसांपुढे लख्ख उजळणारा पंखांचा पांढरा भाग. नराच्या गळ्यातली काळी रेघ विणीच्या हंगामात ठळक होते, आता ती जवळजवळ नसतेच. म्हणून मादी ओळखायची ती तिच्या अधिक पांढुरक्या चेहऱ्यावरून. संस्कृत कवींनी या जोडीला रात्रभर नदीच्या दोन काठांवर विरहात ठेवले. आमचा नावाडीही ‘चकवा-चकवी’ म्हणत तीच कथा सांगतो, आणि ती ऐकायला मला दर वर्षी तितकेच आवडते.

त्यांच्या पलीकडे पट्टकदंब हंस चरत होते. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, हीच त्यांची खूण. पण त्या वर्षीच्या पिल्लांना ते पट्टे नसतात, डोक्याचा मागचा भाग नुसता काळपट-तपकिरी असतो. त्यामुळे थव्यात आईबाप कोण आणि पहिल्यांदाच हिमालय ओलांडून आलेले कोण, हे दुर्बिणीतून सांगता येते. पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात हा पक्षी ७,००० मीटरच्याही वर उडताना नोंदला गेला आहे. त्याचे रक्त विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. तोच पक्षी समोर शांतपणे गवत उपटत असतो, तेव्हा मला बोलवत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर. शरदात रंगावर विसंबू नकोस. विणीनंतर बहुतेक बदकांचे नर आपला भरजरी पिसारा टाकून मादीसारखे मळकट होतात, आणि इथे येतात तेव्हा अनेकांचा नवा पिसारा अर्धवटच आलेला असतो. मागच्या वर्षी तलवार बदकांचा अख्खा थवा मी ‘माद्या’ म्हणून वहीत लिहिला; घरी छायाचित्रे मोठी करून पाहिली, तर कित्येकांच्या चोचीच्या कडा निळसर-करड्या आणि मधली रेघ काळी, म्हणजे ते नर होते. तेव्हापासून मी आधी चोच पाहतो. फावड्यासारखी रुंद चोच असेल तर थापट्या. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन लाल ठिपके असतील तर हळदी-कुंकू, आणि तो तर इथलाच रहिवासी. त्यानंतर उडणे पाहावे: थापट्या, चक्रांग, तलवार बदक पाण्यावरून सरळ वर उसळतात, तर ग्वाल्हेरजवळच्या तिघरा जलाशयात दिसणारी लालसरी बुडी मारणारी असल्याने तिचे पाय बरेच मागे असतात आणि तिला पाण्यावर धावत जाऊनच उडावे लागते.

डिसेंबरअखेर ये. तोवर नरांचे रंग बरेचसे भरून आलेले असतील. पण मला विचारशील तर त्याआधीच, रंग अपुरे असताना ये. येताना तुझी जुनी दुर्बीण आण, माझ्या दुर्बिणीचे एक भिंग धूसर झाले आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर