सगळं दूध डेअरीत घालू नका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही. बाबांनी "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला आणि आईची धार काढायची वेळ झाली होती. कागदावरचं बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात, म्हणून लिहायला बसले.

बाबांचा रिपोर्ट आला. रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व निघालं 118. आमच्या लॅबमध्ये 200 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. असे रिपोर्ट मी रोज छापून लोकांच्या हातात देते. आणि बाबा दोन वर्षांपासून सांगत होते, "पायाले मुंग्या येतात वं, चप्पल कधी निसटते तेही समजत नाई", तेव्हा मीसुद्धा वय झालं म्हणून सोडून दिलं. याचं मला फार वाईट वाटतं. बाहेरच्या माणसाने हेच सांगितलं असतं तर मी त्याला लगेच तपासायला लावलं असतं.

दिवाळीत आपण तुरीच्या वावरात गेलो होतो, आठवतं ना? जाताना उजेड होता, बाबा बरे चालले. येताना अंधारलं, तर धुऱ्यावरून एकेक पाऊल चाचपत टाकत होते. ज्या धुऱ्यावरून रात्री-बेरात्री ओलित करायला गेले, तिथे त्यांनी माझा खांदा धरला. घरी आल्यावर मोरीकडे जाताना भिंतीला हात. यंदा कार्तिकात कौंडण्यपूरला पायी गेले नाहीत, ते वावरातल्या कामामुळे नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, अंधारात तोल जातो का? पाय कुठे पडला याची खबर तळव्यापासून नसांतून वर डोक्यात जाते. बी-12 कमी पडलं की नसांवरचं वेष्टन झिजत जातं. मग ती खबर पोचत नाही आणि माणसाला पाय डोळ्यांनी पाहून टाकावा लागतो. अंधारात डोळ्यांचा आधार गेला की तोल जातो. हल्ली नावं विसरणं, चिडचिड, जीभ सोलल्यासारखी होणं, हेही त्यातलंच असू शकतं.

बाबांनी विचारलं होतं, डॉक्टरांनी दिलेली बी-12 ची सुई लाल का, आणि हे मटणाचं तर नाही? गळ्यात माळ आहे, तेव्हा हे विचारणं बरोबरच आहे. लाल रंग कोबाल्टचा आहे. कोबाल्ट हा एक धातू, बी-12 च्या मधोमध तो बसलेला असतो. पूर्वी हे कलेजीतूनच मिळायचं. 1926 साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी रक्त आटून मरणाऱ्या रोग्यांना रोज कलेजी खाऊ घालून वाचवलं होतं, आणि तिच्यातला हा लाल पदार्थ वेगळा निघाला 1948 मध्ये. आता औषधातलं बी-12 जिवाणूंकडून तयार करून घेतात, जसं विरजणातले जिवाणू दुधाचं दही करतात तसं. त्यामुळे माळेला काही होत नाही, बाबा. ती शंका मनातून काढा आणि एकही सुई चुकवू नका.

आणि खरं पाहिलं तर आपल्या कोठ्यातही हेच काम चालतं. बी-12 झाडाझुडपात तयार होत नाही, ते फक्त जिवाणू तयार करतात. गाय कडबा, कुटार, धुऱ्यावरचं गवत खाते. तिच्या पोटातले जिवाणू त्यातून बी-12 बनवतात आणि ते दुधात उतरतं. आपल्याही आतड्यात असे जिवाणू आहेत, पण ते इतके खाली असतात की त्यांनी बनवलेलं आपल्या अंगाला लागत नाही. म्हणून मांस-अंडी न खाणाऱ्या माणसाला दूध, दही आणि ताक एवढाच घरचा आधार. बाकी वरण, भाकर, भाज्या, फळं कितीही खाल्ली तरी त्यातून हे मिळत नाही.

आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. गावात दूध संकलन सुरू झालं त्याला पाच वर्षं झाली. त्याआधी बाबा रोज सकाळी भाकर दुधात कुस्करून खायचे, रात्री ताक व्हायचं. आता सकाळी सात लिटर जातं, संध्याकाळी चार. घरात राहतं ते चहापुरतं, आणि पाहुणे आले नाहीत तर चहासुद्धा काळाच. मी दिवाळीत चार दिवस पाहिलं. कॅन भरून झाल्यावर आईने पातेल्याला लागलेलं दूध बोटाने निपटून मांजरीच्या वाटीत घातलं, पण बाबांच्या ताटात दुधाचा थेंब नव्हता. बी-12 चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून दूध बंद झालं तेव्हा काही जाणवलं नाही, आणि आता जाणवतंय. त्यात बाबा नऊ वर्षांपासून साखरेची मेटफॉर्मिन घेतात. ती गोळी बरीच वर्षं चालली की अन्नातलं बी-12 अंगी लागणं कमी होतं, आणि वयाने पोटातलं आम्ल कमी झालं की आणखी कमी. पण म्हणून गोळी बंद करायची नाही, हे अगदी ठळक लक्षात ठेवा. साखर वाढली तर त्यानेही पायाच्या नसा जातात. गोळी चालू आणि सोबत सुई, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

मागच्या वर्षी बाबांनी गावातल्या दवाखान्यात तीनदा ताकदीचं सलाईन लावून घेतलं. दर खेपेला पैसे मोजले, पण रक्त कुणी तपासलं नाही. साध्या सलाईनमध्ये मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं, बाबा. त्याने नसांना काही मिळत नाही. यापुढे तिथे आडवं व्हायच्या आधी मला एक फोन करा.

हिमोग्लोबिन 13.4 आहे म्हणून तुम्ही म्हणालात, "रक्त तं चांगलं हाये." तेही समजून घ्या. आपल्याकडे वरण, हरभरा, मेथी, पालक, चवळी भरपूर, त्यातून फोलेट नावाचं दुसरं जीवनसत्त्व चांगलं मिळतं. फोलेट भरपूर असलं की बी-12 कमी असूनही रक्त ठीक दिसू शकतं, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानायचं नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. अकरा लिटरमधलं दीड लिटर घरात ठेवायचं. त्याचे जे पैसे कमी येतील ते मी दर महिन्याला पाठवीन, दादाशी बोलून झालंय. प्रौढ माणसाला दिवसाला 2 मायक्रोग्रॅमच्या थोडं वर बी-12 लागतं आणि अर्ध्या लिटर दुधात साधारण तेवढ्याच्या जवळपास असतं. दूध उकळून ठेवा, पण दिवसभर चुलीवर आटवत ठेवू नका. आणि आई, तू साय जमवून तूप कढवतेस आणि वाटीभर तूप बाबांच्या वरणावर घालून म्हणतेस, ताकद येईल. तुपाची चव मलाही आवडते, पण तुपात बी-12 नसतं. ते पाण्यात विरघळणारं आहे, त्यामुळे लोणी काढल्यावर ते ताकातच राहतं. तू जे ताक शेजारी वाटून टाकतेस किंवा कढीपुरतं ठेवतेस, ते आधी बाबांच्या पेल्यात ओत.

आता आई, तुझं. तुझं हिमोग्लोबिन 8.9 आहे. बाईचं 12 च्या खाली गेलं की कमी समजतात. तू म्हणालीस, "मले काई होत नाई, थोडी दम लागते." तुझं वय 64. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, तर रक्त कुठे जातंय हे पाहायला हवं. नुसतं खाण्याने कमी झालं असं मी धरणार नाही. डॉक्टरांनी संडासची तपासणी लिहून दिलीय. लाजू नकोस, मी सोबत असेन.

पण खाण्यातलंही आहेच. सगळ्यांचं झाल्यावर तू जेवतेस, तोवर भाजीचा रस्सा उरतो आणि फोडी संपलेल्या असतात. मग जेवण झालं की लगेच चहा. जवारीत, हरभऱ्यात, तिळात, पालेभाज्यांत लोह आहे, पण झाडपाल्यातलं लोह अंगाला कमी लागतं, आणि चहा ते आणखी अडवतो. चहा सोडायला मी सांगत नाही. जेवणापासून तास-दीड तास लांब ठेव. आणि ताटात लिंबाची फोड, आवळा किंवा आपल्याच झाडाचं एखादं संत्र असू दे. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त लागतं. संत्र्याची बाग विकून झाल्यावर खाली पडलेली संत्री पोरांना वाटतेस, त्यातलं एक स्वतः सोलून खा.

तू अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करायचीस. जवारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी, आणि ती भाजी काळपट व्हायची. वहिनीने नवी चकचकीत कढई आणली, भाजी हिरवी राहते म्हणून जुनी माळ्यावर गेली. तो काळपटपणा म्हणजे कढईचं लोखंड होतं, आई. आंबट भाजीत ते जास्त उतरतं. तू नकळत चांगलंच करत होतीस.

रेशनच्या तांदळाचंही राहिलं. मागे तू सुपात घेऊन त्यातले थोडे वेगळे दिसणारे दाणे वेचून फेकलेस, पाण्यावर तरंगतात म्हणून प्लास्टिकचे म्हणालीस. गावभर तेच बोलतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाचंच पीठ मळून त्यात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-12 घालून दाण्याच्या आकाराचे बनवतात आणि शंभर दाण्यांत एक या मानाने मिसळतात. 2021 च्या 15 ऑगस्टला सरकारने जाहीर केलं होतं की 2024 पर्यंत रेशनवर, शाळेत, अंगणवाडीत असाच तांदूळ देणार. म्हणजे नेमकं जे तुम्हा दोघांच्या अंगात कमी आहे, तेच तू वेचून कोंबड्यांना टाकत होतीस. त्या एवढ्याशा दाण्यांनी तुमची कमतरता भरून निघणार नाही, पण फेकू नकोस. भात जास्त पाण्यात शिजवून ते पाणी ओतूनही देऊ नकोस.

जवसाची चटणी मात्र आहे तशीच चालू ठेवा. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 नावाची चांगली चरबी असते आणि इथे नागपुरात लोक त्यासाठी महागड्या डब्या घेतात. फक्त एकदम महिन्याची कुटू नका, आठवड्यापुरती भाजून कुटा. कुटलेलं जवस लवकर खवट होतं आणि अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं.

बाबांच्या पुढच्या सुया आर्वीतच घेता येतील, चिठ्ठी सोबत जोडली आहे. औषध उजेडात ठेवायचं नाही, खोक्यातच राहू द्या. मुंग्या लगेच जाणार नाहीत, काही महिने लागतील, आणि बराच काळ दुखणं अंगात राहिल्यामुळे थोडं उरूही शकतं. तोवर रात्री मोरीकडे जाताना बॅटरी घ्या आणि ओलिताला दादाला जाऊ द्या.

मी पुढच्या शनिवारी येते. आई, माळ्यावरची कढई काढून ठेव, आपण दोघी चिंचेने घासू. अंबाडी नसली तर आंबटचुका चालेल. आणि त्या दिवशी सकाळी कॅन जायच्या आधी दूध मीच मोजून बाजूला काढीन.

तुमची,
मनू