वहिनींच्या रिपोर्टविषयी

जळगाव

प्रिय किशोर,

रिपोर्ट नीट वाचले. घाबरू नको भो. स्तनातली कॅन्सरची गाठ पावणेदोन सेंटिमीटरची आहे आणि सोनोग्राफीत काखेत काही दिसत नाही. ऑपरेशननंतर काखेतल्या ग्रंथीही साफ निघाल्या तर हा पहिला टप्पा ठरेल, आणि त्यात बहुतेक बायका बऱ्या होतात, एकतिसाव्या वर्षीसुद्धा.

"तरुणपणीचा कॅन्सर जहाल" हे यावलमध्ये जो तो तुला ऐकवतोय, ते अर्धंच खरं आहे. या वयात वेगाने वाढणाऱ्या गाठी जास्त निघतात आणि दुधाची गाठ समजून महिनोन्महिने राहूनही जातात. पण कमी वयाचा खरा तोटा दिसतो तो ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणाऱ्या गाठीत. ते संप्रेरक बनवणारे अंडाशय जोरात असतात आणि ते अडवणाऱ्या गोळ्या मध्येच सुटतात, म्हणून.

त्यामुळेच मला वहिनींचा ईआर खटकतो. ईआर शून्य आणि पीआर (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तशीच खूण) ४० टक्के, ही जोडी क्वचितच खरी असते. बायोप्सीचा तुकडा तासाभरात १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडावा लागतो, फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट लागतं, आणि त्यात तो ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. सलाइनमध्ये टाकून पार्सल केला की ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. स्लाइडवर गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिकांना रंग चढलाय का, एवढं पॅथॉलॉजिस्टला विचार. त्यांत ईआर असतोच, म्हणून तिथेही रंग नसेल तर ती तपासणीच बाद. लॅबमधून तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घे आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात पुन्हा तपासून घे. हर-टू (गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन) २+ आहे, म्हणजे त्याबाबत अजून काहीच ठरलेलं नाही. त्याचं जनुक मोजणारी फिश तपासणी हवीच.

ईआर पॉझिटिव्ह निघाला तर टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेन अडवणारी गोळी २० मिलिग्रॅम रोज, किमान ५ वर्षं. केमो द्यावी लागली तर सोबत अंडाशय शांत ठेवणारं इंजेक्शन दर २८ दिवसांनी. पस्तिशीच्या आत त्याचा फायदा ठळक आहे. अशा गाठी ५ वर्षांनंतरही उलटतात, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडायची नाही. तिन्ही निगेटिव्ह निघाले तर पहिली ३ वर्षं जपायची, मग धोका झपाट्याने उतरतो.

आई म्हणतात तसं भीतीपोटी पूर्ण स्तन काढू नका. गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. फक्त या वयात गाठीच्या जागी जादा डोस घ्यावा लागतो. बीआरसीए (आनुवंशिक कॅन्सरच्या जनुकांची) तपासणी मात्र ऑपरेशनआधी करा, कारण ती पॉझिटिव्ह आली तर हा निर्णय बदलू शकतो.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर केमोच्या आधीच बोला. स्त्रीबीजं गोठवून ठेवायला साधारण २ आठवडे लागतात. केमो सुरू झाल्यावर ती संधी जवळजवळ जाते. २०२३ च्या 'पॉझिटिव्ह' नावाच्या अभ्यासात १८ ते ३० महिने गोळ्या घेऊन मग बाळासाठी त्या थांबवलेल्यांत, निदान सुरुवातीच्या वर्षांत तरी, आजार जास्त उलटला नाही. वहिनींना हे नक्की सांग.

जनआरोग्य योजनेची मंजुरी ऑपरेशनआधी लागते. रेशनकार्डावर वहिनींचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, ते आजच बघ, आणि ब्लॉक हातात आला की मला फोन कर.

तुझा,
सुनील