नाना, उजवा कप उलटा फिरतो हे आता हाताला कळलं

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या ओट्यावर माझी सायकल दुरुस्त करायला शिकवत तुम्ही सलग दोन दुपारी बसलात. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "ऱ्हाऊ दे रे" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय.

पावसाळ्यात पांझरा नदीच्या फरशी पुलावर पाणी असताना मी सायकल तशीच काढली होती. पंधरा दिवसांनी लळिंगचा चढ चढताना खालून कटकट सुरू झाली. उजव्या पायाचा जोर पडला की 'कट्'. पायडल बदलून पाहिले, सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला ग्रीस लावलं, चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चाकाचे बोल्ट आवळले, आवाज तसाच. मग बॉटम ब्रॅकेट उघडलं, म्हणजे पायडलचे दांडे जिथे फिरतात तो फ्रेमच्या तळाचा भाग. तिथल्या आडव्या नळीत एक्सल फिरतो आणि नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी बसवलेले दोन कप त्याला धरून ठेवतात. डावीकडचं लॉकरिंग, म्हणजे कप जागच्या जागी धरणारी कडी, निघालं, कप निघाला, एक्सलही बाहेर आला. उजवा कप मात्र हलेना. पान्याला पाइप लावून मी अंगातला सगळा जोर लावला. शेवटी एका दुकानात दाखवली, तर म्हणाले आटे गेलेत, फ्रेम टाकून द्या. वडिलांनी जुन्या बाजारातून घेऊन दिलेली ती स्टीलची रोड बाइक. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही आलात, बोटाने कपाची कड चाचपली आणि एवढंच म्हणालात, "हाऊ उलटा फिरस, भाऊ." मी दोन दिवस तो सोडवत नव्हतो, आवळत होतो.

रागावला नाहीत. पोराच्या दप्तरातली पेन्सिल मागितलीत, डाव्या हाताची मूठ सैल करून तिच्यात ती उभी धरलीत आणि वरचं टोक मुठीच्या कडेकडेने गोल फिरवलंत. पेन्सिल घड्याळाच्या दिशेने फेरी मारत होती आणि स्वतःभोवती मात्र उलटी वळत होती. मूठ म्हणजे फ्रेम, पेन्सिल म्हणजे कप. पायडल मारताना उजवा कप असाच उलट सरकू पाहतो, म्हणून त्याचे आटेच उलटे पाडलेले असतात. जितकी चालवावी तितका तो घट्ट बसतो. नंतर मी मोजलं, ब्रॅकेटच्या नळीची रुंदी 68 मिलिमीटर भरली आणि उजवे आटे उलटे, म्हणजे बहुधा इंग्लिश पद्धतीचे आटे. इटालियन फ्रेम 70 ची असते आणि तिथे दोन्ही कप सुलटेच असतात, म्हणून तिथला उजवा कप सैल होण्याची तक्रार जुनीच आहे. हे सगळं वाचलेलं ज्ञान, नाना. डोक्यात पक्कं बसलं ते तुमच्या मुठीमुळे.

कप जाम झाला होता तो माझ्याच जोराने. तुम्ही रात्रभर तेल मुरू दिलंत आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे नेलंत. कपाच्या दोन सपाट कडा व्हाइसमध्ये धरल्या, आणि पाना फिरवण्याऐवजी अख्खी फ्रेमच फिरवायला लावलीत, जात्याचा खुंटा धरल्यासारखी. पहिल्याच फेऱ्यात 'टक्' झालं. आटे शाबूत होते. आतमध्ये पांझरेचा काळा गाळ, आणि नळीच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेलं बारीक भोक त्याच गाळाने बुजलेलं. तुम्ही ते सायकलच्या तारेने मोकळं केलंत. पाणी वरून, सीटपोस्टच्या फटीतूनही उतरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

यापुढे तुम्ही एकाही वस्तूला हात लावला नाहीत. मला सर्वांत जास्त मोल याचंच वाटतं. डिझेलमध्ये कप मी धुतले. एक्सलवर छर्ऱ्यांनी, म्हणजे कपातल्या लोखंडी गोळ्यांनी पाडलेले खड्डे नखाने मी शोधले, नवा एक्सल आणि पाव इंची छर्रे मी आणले, दोन्हीकडे अकरा-अकरा, सगळे एकाच पाकिटातले. जुन्यात नवे मिसळायचे नाहीत हे तुम्ही दोनदा बजावलंत. ग्रीसमध्ये एकेक छर्रा बसवताना माझी बोटं थरथरत होती. तुम्ही गप्प बसून होतात.

सगळ्यांत वेळ गेला तो डाव्या कपाच्या बैठकीत. लॉकरिंग आवळलं की कपही सोबत वळतो आणि एक्सल जड होतो; जरा सोडावा तर खेळ, म्हणजे ढिलेपणा राहतो. मी पाच वेळा चुकलो. दर वेळी तुम्ही म्हणायचात, "तुना हातले समजी." मला डोळे मिटायला लावलेत, एक्सल दोन बोटांनी फिरवायला सांगितलंत आणि दुसरा तळवा सीटखालच्या नळीवर ठेवून घेतलात. आधी बारीक वाळू लागत होती. सहाव्या वेळी काहीच लागलं नाही, फक्त जड, गार ग्रीसमधून फिरत असल्याचा भास. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा बसवून हलवून पाहिली, खेळ नव्हता. मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही नातवासारखे हसत होतात.

परवा नकाण्याच्या तलावापर्यंत जाऊन आलो. वाऱ्याचा आणि चेनचा आवाज, बाकी काही नाही.

नाना, जुन्या लोखंडी पट्टीला कानस मारून तुम्ही बनवलेला लॉकरिंगचा आकडी पाना माझ्याकडेच राहिला आहे. पुसून, तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रविवारी सकाळी सायकलवरच घेऊन येतो. आईने तुमच्यासाठी कळण्याच्या भाकरी आणि भरीत द्यायचं ठरवलंय, तेव्हा घरी चूल पेटवू नका.

तुमचा,
देवपूरचा सायकलवाला मुलगा