चिल्काला, मनूला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

चिल्काच्या नेव्ही ट्रेनिंगमध्ये तुमचे फोन जमा करून घेतले ते एका परीने बरंच झालं. फोनवर माझं 'जेवलीस का' याच्यापुढे गाडं जात नाही. मागच्या वेळी तू विचारलंस, तुकडीतल्या मुलींना अप्पांबद्दल काय सांगू? 'आजोबा विमानवाहू विक्रांतवर होते' एवढं सांगून झालं की पुढे काय?

शोकसभेत आपल्या गाववाल्यांनी त्यांचा पार रणवीर करून टाकला. एका वक्त्याने तर त्यांच्या हातून विमानंही उडवली. अप्पांनी ते ऐकलं असतं तर मधेच उठून दुरुस्ती केली असती. ते स्टोकर होते गं, जहाजाचे बॉयलर सांभाळणारे. १९६४ला भरती झाले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत बॉयलर शिकले आणि चीफ होऊन पेन्शनीत आले. १९७१च्या डिसेंबरात विक्रांतवरून सीहॉक विमानं चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले करत होती, तेव्हा अप्पा खाली बॉयलर रूममध्ये घामाने निथळत होते. युद्ध त्यांनी डोळ्यांनी पाहिलंच नाही. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला चिरा गेलेल्या, म्हणून उरलेल्या तिघांवर भार. वेग कमी पडला तर डेकवर समोरून पुरेसा वारा मिळत नाही, आणि वाऱ्याशिवाय विमान उचलत नाही. "इमान तेंचा, पण वारो आमी दिलो," म्हणायचे. एवढीच काय ती बढाई, तीही रमचा कोटा उघडल्यावर.

आजीचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. तिच्याकडे पत्ता म्हणजे नुसता 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. नवरा कुठल्या समुद्रात आहे ते कळायला मार्ग नाही. ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजासोबतच गेले. गावात पहिल्यांदा बातमी पोचली ती 'नेव्हीचा जहाज बुडला' एवढीच. जहाजाचं नाव कळल्यावरसुद्धा अप्पांचं पत्र हातात पडेपर्यंत आजी रोज स्वतः पोस्टात जायची. पोस्टमन घरी येईस्तोवर दम कोणाला?

लोणावळ्याला अप्पांसोबत शिकलेला एक मित्र खुकरीवर होता. दीवला टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. आम्ही अप्पांना तिथे घेऊन गेलो तेव्हा तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. सगळे समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते. अप्पांनी काचेवर बोट टेकवलं, धुराड्याच्या सरळ खाली, पाण्याच्या रेषेच्याही खाली. "हय," म्हणाले. मग बराच वेळ बोट तिथून हललं नाही. ४ डिसेंबरच्या नेव्ही डेची आमंत्रणं ते का टाळत, हे मला त्या दिवशी समजलं.

आता घरचे अप्पा. गणपतीची रजा प्रत्येक कोकण्याला हवी, त्यामुळे ती दरवर्षी मिळणं शक्यच नव्हतं. कोकण रेल्वे नव्हती, मुंबईहून रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करून यायचे. पण आल्या आल्या हुकूम सोडणारे बाप मी आजूबाजूला पुष्कळ पाहिले, हे आजीला विचारायचे, "माझा काम काय ता सांग." आजीने बसवलेली घडी त्यांनी कधी विस्कटली नाही. आमच्या शर्टांची बटणं तेच लावत, आणि आजीपेक्षा बारीक टाक्याने. विहिरीचा पंप कुरकुरायला लागला की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवून मूठ उजव्या कानाला लावायचे. डावा कान बॉयलर रूमच्या गोंगाटात गेलेला. डोळे मिटून ऐकायचे आणि नेमका बिघाड सांगायचे. तालुक्याचा मेकॅनिक त्यांच्यावर खार खाऊन होता.

तुझं अग्निवीरचं त्यांना पटलं नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. चार वर्षं, आणि त्यानंतर फार तर २५ टक्क्यांनाच ठेवणार, हा हिशेब त्यांच्या डोक्यात बसत नव्हता. खरं सांगू, माझ्याही बसत नाही. तरी तू फॉर्म भरलास त्या संध्याकाळी त्यांनी तुला पोहायला लावलं होतं की नाही खाडीत? वर "पाण्याक भियाचा नाय, पण तेची मस्करीय करूची नाय" हे होतंच. मुलींना हे सांग. शोकसभेतल्या त्या सरपंची भाषणातलं काही सांगू नकोस.

पासिंग आउट परेडची तारीख पक्की झाली की लगेच कळव, भुवनेश्वरची तिकिटं आधी काढावी लागतात. आजी येणार म्हणतेय, गुडघ्यांचं बघू. खोबरेल आणि कोकम पाठवायला परवानगी आहे का तेही विचार. आणि बुटांनी पायाला फोड आले असतील तर लपवू नकोस, तिथल्या सिकबेत, म्हणजे दवाखान्यात, दाखव.

तुझी,
आई